टिंबापुढील प्रत्यय

पत्ता लिहिण्याची आपली जुनी रीत अशी, कीं आधीं माणसाचें नांव, मग घर, मग गांव, तालुका, जिल्हा आणि शेवटीं प्रांत. लहानापासून मोठ्याकडे जाणारी हीच वाट आपल्या पूर्ण नांवांतहि दिसते: आधीं स्वतःचें नांव, नंतर वडिलांचें, शेवटीं कुळाचें. त्यांतहि आपल्या कित्येक आडनांवांनीं गांवाच्या नांवाला 'कर' हा छोटासा प्रत्यय जोडून घेतला, आणि एवढ्या दोन अक्षरांत माणूस मूळचा कोठला हें सांगण्याची सोय केली. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या नांवांची व्यवस्था ज्यांनीं रचली त्यांना मराठी आडनांवें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी त्यांनीं योजिलेली रीत हीच आहे. डावीकडे विशेष नांव, मग टिंब, आणि शेवटीं हें नांव कोणत्या कुळांतलें तें सांगणारा एक प्रत्यय: 'कॉम', 'ऑर्ग', 'इन', 'भारत'.

हा प्रत्यय म्हणजे यंत्राच्या सोयीची एक खूण. तिचा वाङ्मयीन विचार तो काय करावयाचा, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या शब्दाचा उच्चार रोज लक्षावधि लोक करतात, जो दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि सरकारी जाहिरातींत सारखाच आढळतो, तो शब्द कोणत्या भाषेचा आहे हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानें टाळूं नये. कोशांत नसलेला, पण कोशांतील बहुतेक शब्दांहून अधिक उच्चारला जाणारा हा शब्दवर्ग आहे. शिवाय वस्तूला नांव देणें हें भाषेचें पहिलें काम. आणि तें काम कोणी, कोणाच्या वतीनें व कोणत्या कसोटीनें केलें, हें पाहणें हा टीकेचा विषय होय. म्हणून या प्रत्ययांची परीक्षा आम्ही येथें शब्द म्हणूनच करणार आहों.

प्रथम थोडा इतिहास. एकमेकांशीं जोडलेल्या सर्व संगणकांचीं नांवें आरंभीं एकाच यादींत लिहून ठेवलेलीं असत, आणि ती यादी जो तो आपल्याकडे उतरवून घेई. यंत्रें वाढलीं तसा हा प्रकार चालेनासा झाला. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची पायरीपायरीची व्यवस्था रचली; आणि १९८४ च्या ऑक्टोबरांत जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनीं अगदीं वरच्या पायरीचे प्रत्यय लिहून काढले. व्यापारासाठीं 'कॉम', शिक्षणासाठीं 'एज्यु', सरकारासाठीं 'गव्ह', सैन्यासाठीं 'मिल', आणि यांपैकीं कशांतच न बसणाऱ्या संस्थांसाठीं 'ऑर्ग'. लौकरच 'नेट' हा त्यांना येऊन मिळाला. हे सारे इंग्रजी शब्दांचे पहिल्या तीन अक्षरांवर तोडलेले तुकडे आहेत. अमेरिकेंत, अमेरिकन लोकांनीं, अमेरिकन कामासाठीं ते रचले, त्यांत गैर कांहीं नाहीं. मौज पुढेंच आहे. 'गव्ह' म्हणजे सरकार. पण कोणाचें सरकार हें त्या प्रत्ययांत सांगितलेलें नाहीं. तें अमेरिकेचें, हें गृहीतच. टपालाच्या तिकिटांची पद्धति १८४० सालीं ब्रिटनमध्यें निघाली, म्हणून त्या देशाच्या तिकिटावर आजहि देशाचें नांव नसतें. इतरांस तें छापावें लागतें. तशीच ही गोष्ट. जो आधीं येतो त्याला आपलें नांव सांगण्याची गरज पडत नाहीं; मागाहून येणाऱ्यानें मात्र दारांत उभें राहून मी अमुक देशाचा असें सांगावयाचें.

त्या मागाहून येणाऱ्यांसाठीं दोन अक्षरांचे देशवाचक प्रत्यय आले. जगांत देश कोणते आणि कोणते नव्हेत, हा वाद कोणाच्याहि अंगावर येणारा; म्हणून पोस्टेल यांनीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेली तयार अक्षरांची यादी उचलली, आणि १९९४ सालीं लिहून ठेवलें, कीं देश ठरविण्याचें काम आमचें नव्हे. युक्ति शहाणपणाची होती. परंतु देशाचा वाद टळला तरी भाषेचा टळला नाहीं. तो त्या दोन अक्षरांत गुपचूप जाऊन बसला. जर्मनीचा 'डी-ई' हा जर्मन 'डॉइचलांट'वरून आला, स्पेनचा 'ई-एस' हा स्पॅनिश 'एस्पान्या'वरून, आणि क्रोएशियाचा 'एच-आर' हा 'ह्रवात्स्का' या त्या लोकांच्या स्वतःच्या नांवावरून. उलट ग्रीस आपल्याला 'एलास' म्हणवितो, त्याला 'जी-आर' मिळालें. जपान आपल्याला 'निहोन' म्हणवितो, त्याला 'जे-पी'. फिनलंडची स्वभाषेंतील ओळख 'सुओमी'. तिचें एकहि अक्षर त्याच्या प्रत्ययाच्या आरंभीं नाहीं. म्हणजे कोणी स्वतःच्या तोंडानें आपलें नांव सांगितलें, तर कोणाचें नांव शेजाऱ्यांनीं सांगितलें.

या यादींतील दोन उदाहरणें तर मुद्दाम थांबून पाहण्याजोगीं आहेत. स्वित्झर्लंडमध्यें जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा. त्यांतील एक निवडावी तर तिघी रुसणार. म्हणून त्या देशाचा प्रत्यय 'सी-एच' असा, आणि तो 'कॉन्फेडेराशिओ हेल्वेटिका' या लॅटिन नांवावरून घेतलेला. जी भाषा आतां कोणाचीच मातृभाषा नाहीं तीच सर्वांना सारखी जवळची ठरली. दुसरें उदाहरण दक्षिण आफ्रिकेचें. तिचा प्रत्यय 'झेड-ए' हा 'झुइड आफ्रिका' या डच नांवाचा अवशेष. डच ही आज त्या देशाच्या राजभाषांत नाहीं. पण टिंबापुढें ती अजून टिकून आहे. प्रत्ययांत भाषा कधीं तडजोड म्हणून येते आणि कधीं जुन्या राज्यकर्त्याचा सदरा खुंटीवर राहावा तशी राहते, हें या दोहोंवरून दिसतें.

आपल्या देशास 'आय-एन' हीं अक्षरें मिळालीं आणि १९८९ सालापासून तीं वापरांत आलीं. 'भारत' या नांवाचीं पहिलीं दोन रोमन अक्षरें 'बी-एच'. पण तीं बहारीनकडे गेलेलीं. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमांत देशाचीं दोन नांवें शेजारीं शेजारीं लिहिलेलीं आहेत. यंत्राच्या यादींत मात्र बराच काळ त्यांपैकीं एकच होतें.

आणखी एक चमत्कार असा, कीं प्रत्ययाची भाषा ती ठरविणाराच्या हातांत राहत नाहीं. वाचणारा ती बदलून टाकतो. पॅसिफिक महासागरांतील तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राचा 'टी-व्ही' जगानें दूरचित्रवाणीचा म्हणून वाचला. माँटेनेग्रोचा 'एम-ई' हा इंग्रजींत 'मी' या अर्थाचा शब्द होऊन बसला. अँग्विला बेटाचा 'ए-आय' आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या मिरवितात. देशाचें नांव म्हणून दिलेलीं अक्षरें इंग्रजी शब्द म्हणून विकलीं जातात, आणि त्या विक्रीचा पैसा त्या देशांना मिळतोहि. परंतु शब्दाचा व्यवहार पाहणाराला यांतून एक धडा मिळतो: कोणत्याहि प्रत्ययाची खरी भाषा यादींत लिहिलेली नसते, ती बोलणाराच्या ओठांवर असते. हा धडा पुढें आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आतां लिपीकडे वळूं. ज्या काळांत ही व्यवस्था झाली त्या काळीं नांवांत फक्त सव्वीस रोमन अक्षरें, दहा अंक आणि एक आडवी रेघ इतकींच चिन्हें चालत. एकंदर सदतीस चिन्हांत साऱ्या जगाचीं नांवें बसवावयाचीं. ज्यांच्या बाराखड्या आहेत, ज्यांची लिपि उजवीकडून डावीकडे जाते, ज्यांची अक्षरें सहस्रावधि आहेत, त्या सर्वांनीं इंटरनेटच्या दारांत आपले जोडे काढून ठेवावे, असाच तो नियम होता. २००३ सालीं यावर तोड निघाली. मूळ व्यवस्था मोडावयाची नाहीं, पण परकीय लिपींतील नांव एका ठराविक गणितानें रोमन अक्षरांत व अंकांत गुंडाळावयाचें, आणि वाचणारापुढें आणतांना पुन्हा उलगडावयाचें, अशी ही युक्ति. 'भारत' हा देवनागरी प्रत्यय यंत्राच्या मूळ यादींत 'एक्स-एन', मग दोन आडव्या रेघा, मग 'एच-२-बी-आर-जे-९-सी' असा लिहिलेला आहे. आपण पाहतों तो 'भारत'. यंत्र पाहतें तें हें गाठोडें.

हा मुखवटा कोणाचा, हा प्रश्न येथें साहजिकच मनांत येतो. देवनागरी हा रोमन नांवावर चढविलेला मुखवटा, कीं रोमन गाठोडें हाच देवनागरीवरचा मुखवटा? स्वाभिमानी वाचक यांत अपमान पाहील. आमच्या मतें तो येथें नाहीं. यंत्राच्या पोटांत 'ए' हें रोमन अक्षरसुद्धां अंकच असतें. छापखान्यांतील खिळा उलटा असतो म्हणून छापलेलें पान उलटें ठरत नाहीं. प्रश्न पोटांतल्या रूपाचा नसून, तें रूप किती वेळां बाहेर डोकावतें याचा आहे. कांहीं ठिकाणीं संशयास्पद नांव दिसलें कीं यंत्र मुद्दामच गाठोड्याचें रूप दाखवितें, कारण भिन्न लिपींतील सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनीं लोकांस फसवितां येतें. ही सावधगिरी योग्य आहे. परंतु पत्ता एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटविला असतां 'भारत'च्या जागीं निरर्थक अक्षरांची माळ उमटावी, हें ज्याला पुष्कळदां पाहावें लागतें, त्याला आपली लिपि येथें पाहुणी आहे असें वाटल्यास त्यांत नवल नाहीं.

प्रत्यय स्वतः रोमनेतर लिपींत असण्याची परवानगी २००९ च्या ऑक्टोबरांत मिळाली, आणि ५ मे २०१० रोजीं इजिप्त, सौदी अरबस्तान व संयुक्त अरब अमिराती यांचे अरबी प्रत्यय मूळ यादींत दाखल झाले. त्याच महिन्यांत रशियाचा सिरिलिक प्रत्यय आला. बल्गेरियाची कथा मात्र मजेदार आणि उद्बोधक आहे. 'बी' व 'जी' या उच्चारांचीं दोन सिरिलिक अक्षरें त्या देशानें मागितलीं. तीं ब्राझीलच्या 'बी-आर' या रोमन अक्षरांसारखीं दिसतात म्हणून २०१० सालीं नाकारण्यांत आलीं, आणि तो प्रत्यय प्रत्यक्षांत येण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. तोंडानें उच्चारल्यास या दोन नांवांत गोंधळ होण्याचें कारण नाहीं, गोंधळ डोळ्यांचा. म्हणजे या यादींत शब्दाची परीक्षा कानानें होत नाहीं, चित्र म्हणून होते. भाषेच्या दृष्टीनें हा एक मोठा उणेपणा आहे हें नमूद केलें पाहिजे, मग सुरक्षिततेच्या दृष्टीनें तो कितीहि क्षम्य असो.

भारतानें या संधीचा जो उपयोग केला तो इतर कोणत्याहि देशाहून अधिक विस्तृत आहे. २०११ सालीं सात लिपींतील प्रत्यय मूळ यादींत आले. पुढें त्यांत आठांची भर पडून आज ते पंधरा आहेत. स्वित्झर्लंडनें चार भाषांचा पेंच एकहि न घेऊन सोडविला. आपण तो सर्व घेऊन सोडविला. या पंधरा प्रत्ययांची ओळ म्हणजे एका शब्दाचीं पंधरा पाठांतरें होत, आणि तीं शेजारीं ठेवून वाचणें हा एक छोटासा भाषाशास्त्राचा धडाच आहे. तेलुगूनें शेवटच्या 'त'चा पाय मोडून 'भारत्' असें लिहिलें, कारण तसें न केल्यास तेथें तो 'त' पूर्ण उच्चारला जाईल. कन्नडनें मोडला नाहीं, कारण तिला तो पूर्णच हवा. मल्याळमनें शेवटीं अनुस्वार ठेवला. बंगाली व असमिया यांच्या प्रत्ययांत भेद आहे तो केवळ 'र' या एका अक्षराच्या वळणाचा; पण असमियाची सारी अस्मिता त्या एका वळणांत उभी आहे, आणि तिला स्वतंत्र प्रत्यय मिळाला. काश्मीरींत 'भ' हा उच्चारच नाहीं, म्हणून तिचा प्रत्यय 'बारत' असा. तामिळनें तर 'भारत' घेतलेंच नाहीं. तिनें 'इंदिया' लिहिलें. एका देशानें स्वतःचें नांव पंधरा तोंडांनीं घ्यावें आणि त्यांत एका तोंडानें निराळेंच नांव घ्यावें, यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस त्यांत या योजनेचा प्रामाणिकपणा दिसतो. लोक ज्या नांवानें देशाला हांक मारतात तेंच नांव त्यांच्या लिपींत लिहिलें, एवढेंच हें झालें.

देवनागरींत तीन प्रत्यय आहेत, आणि येथें टीकाकाराला थोडें कठोर व्हावें लागतें. 'भारत' हा हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरींतील सिंधी यांच्यासाठीं २७ ऑगस्ट २०१४ रोजीं खुला झाला. दुसरा 'भारतम्' हा संस्कृतचा. प्रत्ययालाच विभक्तीचा प्रत्यय लागलेला पाहून वैय्याकरणास गंमत वाटेल; प्रथमेचें एकवचन, नपुंसकलिंग, सर्व कांहीं यथासांग. तिसरा 'भारोत' हा संताळीचा. यांतील 'ओ'कार हा संताळी उच्चाराचा मान आहे आणि तो ठेविला हें उत्तम झालें. पण संताळीला स्वतःची लिपि आहे. रघुनाथ मुर्मू यांनीं १९२५ सालीं ती 'ओल चिकी' लिपि निर्माण केली, आणि त्या समाजानें ती मोठ्या जिव्हाळ्यानें जोपासली. भाषेचा स्वर ठेविला आणि लिपि मात्र दुसऱ्याची दिली, हें अर्धें आतिथ्य झालें. पाहुण्याला त्याचें आवडतें जेवण वाढावें, पण त्याच्या पानावर नांव मात्र यजमानाचें लिहावें, तसा हा प्रकार. आपल्या लिपीला रोमननें पाहुणी म्हणून वागविलें याची तक्रार आपण करतों. तेव्हां आपली लिपि दुसऱ्याच्या घरांत यजमानीण होऊन बसली आहे काय, हेंहि आपणच पाहिलें पाहिजे.

देशवाचक प्रत्ययांखेरीज देवनागरींत आणखी तीन प्रत्यय मूळ यादींत आहेत: 'कॉम', 'नेट' आणि 'संगठन'. २०१२ सालीं नव्या प्रत्ययांसाठीं १९३० अर्ज आले. अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. या अर्जांतून प्रथम जे चार प्रत्यय २०१३ च्या ऑक्टोबरांत यादींत चढले, त्यांत एक अरबी, दोन रशियन व एक चिनी असून रोमन एकहि नव्हता, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट. देवनागरी प्रत्यय त्याच फेरींतले. आणि ते त्याच कंपन्यांनीं व संस्थांनीं मागितले ज्यांच्याकडे मूळ इंग्रजी प्रत्यय आहेत.

येथें नामकरणाच्या तीन वाटा आपल्यासमोर स्वच्छ उभ्या राहतात. 'कॉम' ही लिप्यंतराची वाट, 'संगठन' ही भाषांतराची, आणि 'भारत' ही स्वतःच्या नांवाची. लिप्यंतराचा प्रथम विचार करूं. 'कॉम' हें मूळ इंग्रजी शब्दाचें तोडलेलें शेंडीचें टोक. त्याला इंग्रजींतहि स्वतंत्र अर्थ नाहीं, मग देवनागरींत तो कोठून यावा? त्यावरील अर्धचंद्र पुसला गेला तर त्याचें 'काम' होतें, आणि गंमत अशी कीं त्या अपघातांत तरी त्याला कांहीं अर्थ येतो. परंतु या प्रत्ययाच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोक हाच शब्द बोलतात. 'टेबल' आणि 'स्टेशन' जसे मराठी झाले तसा 'डॉट कॉम' हाहि झाला आहे. ज्याला केवळ देवनागरी वाचतां येतें त्याला आपल्या कानावरचा शब्द आपल्या लिपींत दिसावा, एवढी सोय तो करतो. त्याहून अधिक कांहीं करीत असल्याचा आव तो आणीत नाहीं.

भाषांतराची वाट अधिक अभिमानाची दिसते, पण तिच्यांतच ठेंच लागली आहे. 'संगठन' हें हिंदी रूप. मराठींत आपण 'संघटना' म्हणतों. देवनागरी म्हणजे हिंदी असें धरून चालल्याचा हा परिणाम. लिपि एक म्हणून भाषा एक, हा समज इंग्रजी लिपींत कोणी करीत नाहीं. रोमन अक्षरें म्हणजे इंग्रजी असें फ्रेंच किंवा जर्मन माणसास सांगून पाहावें! आपल्याकडे भाषांतराची परंपरा लहान नाहीं. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यव्यवहारकोश झाला; विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली, आणि त्यांचे 'दिनांक', 'महापौर' हे शब्द आज कोणाला नवे वाटतहि नाहींत. त्या परंपरेचा अनुभव असा, कीं घडविलेला शब्द टिकतो तो ऐकणाराच्या भाषेच्या घाटांत बसला तरच. आणि राज्यव्यवहारकोशानंतरहि 'अर्ज' आणि 'दप्तर' टिकले, कारण ते घाटांत आधींच बसले होते. 'संगठन' हा मराठी माणसाला ना इंग्रजीइतका ओळखीचा, ना मराठीइतका आपला.

तिसरी वाट 'भारत'. तिचें श्रेष्ठत्व असें, कीं तें कशाचेंहि भाषांतर नव्हे आणि कशाचेंहि लिप्यंतर नव्हे. 'आय-एन' नसतें तरी 'भारत' असतें. मराठींत तो शब्द तसाच लिहिला जातो, तसाच बोलला जातो, आणि आठ भाषांनीं तो वाटून घेतला तरी कोणाच्याहि वाट्याला तो उणा येत नाहीं. म्हणून मराठीला निराळा प्रत्यय नाहीं याचें आम्हांस वैषम्य वाटत नाहीं. कांहीं भाषांनीं असे प्रत्यय मिळविले आहेत. कॅटलान भाषेच्या व संस्कृतीच्या नांवाचा प्रत्यय २००५ सालीं मान्य झाला. त्याच्या मागोमाग बास्क, गॅलिशियन, ब्रेटन व वेल्श लोकांचे आले. ज्या भाषेला राष्ट्र नाहीं तिला निदान टिंबापुढें जागा असावी, ही त्यामागील तळमळ. ती पोकळ नव्हती हें २०१७ च्या सप्टेंबरांत दिसलें: कॅटलोनियाच्या सार्वमताच्या वादांत स्पेनच्या पोलिसांनीं त्या प्रत्ययाच्या कचेरीचीच झडती घेतली. तीन अक्षरांमागें सैनिकी पोलीस धांवावे, इतकें वजन त्यांना आलें होतें. पण तें वजन नोंदणीनें आलें नव्हतें. कॅटलान भाषेंत किंवा त्या संस्कृतीसाठीं लिहावें, या अटीवरच तो प्रत्यय दिला जाई, आणि लोक त्या भाषेंत लिहीत होते, म्हणून आलें होतें.

मराठीची खरी अडचण टिंबाच्या उजवीकडे नसून डावीकडे आहे. तेथें आपलीं अक्षरें कशीं वागविलीं जातात याचें एकच उदाहरण देतों. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंतील भेद 'र'च्या एका वळणाचा आहे, आणि तो मराठीचा खास भेद. संगणकावर हें वळण दोन रीतींनीं काढतां येतें: एक, खालीं टिंब असलेला 'ऱ' वापरून, दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. २००३ च्या नियमांप्रमाणें तें अदृश्य चिन्ह गाळून टाकलें जाई. म्हणजे दुसऱ्या रीतीनें कोणी आपल्या संकेतस्थळाचें नांव 'दऱ्या' असें लिहिलें, कीं यंत्रांत त्याचा मुकाट्यानें 'दर्या' होई; डोंगरांतला माणूस समुद्रांत पडे आणि त्याला कळतहि नसे. २०१० च्या नियमांनीं मोडलेल्या अक्षरापुढें त्या चिन्हास परवानगी दिली; प्रत्ययांच्या मूळ यादींत मात्र त्यास अजून मज्जाव आहे. ही दुरुस्ती आपोआप झालेली नाहीं. देवनागरीसाठीं कोणतीं अक्षरें व कोणत्या जोड्या चालाव्या याचे नियम बसविण्याचें काम ज्यांनीं पुढें चालविलें, त्यांत पुण्याच्या सी-डॅकचाहि वाटा आहे. असलीं कामें कोणी वाचीत नाहीं आणि त्यांचा सत्कारहि होत नाहीं. पण 'दऱ्या'ला 'दऱ्या' राहूं देणें हें कोणत्याहि कवितेइतकेंच भाषेचें काम आहे.

नियम सुधारले तरी रहदारी सुरळीत झाली असें नाहीं. देवनागरींतील ई-मेलचा पत्ता चालावा असे नियम २०१२ सालीं झाले. तरीहि आज कित्येक अर्जांच्या रकान्यांत तो लिहिला असतां पत्ता चुकीचा आहे असें उत्तर मिळतें. पत्ता बरोबर असतो. तपासणाराला अक्षरें येत नसतात. आणि दोष केवळ तपासणाराचा नाहीं. देवनागरी प्रत्यय घेणारे पुष्कळदां तो कपाटांत ठेवतात; पाटीवर, पत्रिकेवर आणि तोंडावर रोमनच राहतो. मेजर कँडीच्या काळापासून मराठीनें वाक्याच्या शेवटीं टिंब स्वीकारलें, तरी संकेतस्थळाचें नांव सांगतांना आपल्या तोंडीं 'टिंब' न येतां 'डॉट'च येतें.

सर्वांना रोमन अक्षरें येतातच, मग हा खटाटोप कशाला, हा युक्तिवाद आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. तो करणाराला स्वतःला तीं येतात, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. ज्या स्त्रीला चवथीपर्यंतचें मराठी शिक्षण मिळालें, जी पोथी अडखळत कां होईना पण वाचते, तिला शेतकीच्या बाजारभावाचें पान स्वतः उघडतां यावें कीं नातवाची वाट पाहावी, हा या प्रत्ययांचा खरा प्रश्न आहे. तो प्रतिष्ठेचा नसून वहिवाटीचा आहे.

व्याकरणांत प्रत्यय एकटा कधीं उभा राहत नाहीं. तो ज्या मूळ शब्दाला लागतो त्याला 'प्रकृति' म्हणतात. प्रकृतीवांचून प्रत्यय निरर्थक. 'कर' या दोन अक्षरांना अर्थ आला तो त्यांच्याआधीं गांव होतें म्हणून. 'भारत' हा प्रत्यय आपल्याला मिळाला आहे. तो निवडीनें चांगला आहे, आणि मराठीच्या मुखांत बसणारा आहे. त्याच्या डावीकडे मराठी नांवें, आणि त्या नांवांच्या आंत वाचण्याजोगें मराठी लेखन, हें देण्याचें काम कोणत्याहि परदेशी समितीचें नाहीं. तें झालें नाहीं तर हा प्रत्यय रिकाम्या वाड्यावरची सुबक पाटी होऊन राहील. आणि झालें, तर प्रत्ययाची भाषा कोणती हा प्रश्न विचारण्याची कोणास गरजच उरणार नाहीं.